जेवणाआधी दोन शब्द

६ सप्टेंबर, शनिवार. लुडविग्सहाफेन. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. माणसाने स्वतःशी प्रामाणिक राहावं आणि त्याची लेखी नोंद ठेवावी.

गेल्या रविवारी मंडळाच्या गणपतीत बोललो. ४२ मिनिटं. विषय 'स्थलांतर आणि संस्कृती'. शेवटच्या दहा मिनिटांत लोक इतके भारावले की त्यांना जागेवर बसवेना. सुनेत्रा म्हणते, ते बटाटेवड्याच्या रांगेत उभे होते. बायको म्हणून तिचं असं एक निरीक्षण असतं.

वजन ८७.४. संकल्प : ८०.

त्याच दिवशी, ११.३०

अवनीने एक फॉर्म पुढे ठेवला. शाळेचं प्राक्टिकुम. नववीच्या मुलांनी दोन आठवडे कुठेतरी जाऊन काम करायचं, काम म्हणजे काय ते बघायचं. उत्तम कल्पना. सही करायला पेन उघडलं. मग जागा वाचली. एका रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर. पेन मिटलं.

माझा विरोध स्वयंपाकाला नाही. चूल ही माणसाची पहिली प्रयोगशाळा, हे वाक्य मीच भाषणात वापरतो. पण माणूस त्या प्रयोगशाळेतून पुढे निघाला म्हणून तर आज ऱ्हाइनच्या काठी एवढा मोठा केमिकल प्लांट उभा आहे, आणि त्यात मी सेफ्टी इंजिनिअर आहे. आमच्या लॅबमध्ये तिची सोय होऊ शकते. हे तिला अर्ध्या तासात थोडक्यात समजावलं. ती जर्मनमध्ये म्हणाली, आधी एकदा जेवून बघ, मग बोल. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

आमच्या वर टेसी राहते. फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स. नवरा योर्ग, जर्मन. अवनी दर शनिवारी वर जाते. माझी समजूत, इंग्रजी सुधारायला. सुनेत्रा म्हणाली, वर्षभर स्वयंपाक शिकतेय, तुला तीन वेळा सांगितलं. शक्य आहे. मी विचारात असतो.

आता असं ठरलं : रविवारी १४ तारखेला ड्युसेलडॉर्फला फिलिपिनो लोकांचा मेळावा आहे. एका चर्चच्या हॉलमध्ये प्रांताप्रांतांची जेवणं. टेसी बिकोल प्रांताची. तिकडचा एक पदार्थ अवनी स्वतः करणार. आम्ही सहकुटुंब जायचं. मी आधी खाईन, मग निकाल देईन. फॉर्म मंगळवारी १६ला शाळेत द्यायचा आहे. सही माझ्या हातात.

न्यायाधीशाला कसं वाटत असेल ते कळलं.

८ सप्टेंबर, सोमवार. रात्री ८

लायब्ररीतून फिलिपिन्सवर तीन पुस्तकं आणली. दोन संपवली. मनिलाहून मेक्सिकोला अडीचशे वर्षं जहाजं जात होती. इकडून रेशीम, तिकडून चांदी आणि त्यासोबत मिरची, मका, रताळं. म्हणजे जगाचा खरा इतिहास बोटीच्या तळाशी पोत्यात भरलेला होता. असे विषय समोर आले की माझं रक्त उसळतं. जेवताना हे सांगत होतो. अवनीने विचारलं, पण यातलं काही खाल्लंयस का? मी म्हणालो, आधी संदर्भ, मग चव. तिने सुनेत्राकडे बघितलं. सुनेत्राने आमटीकडे बघितलं.

एक अडचण स्वतःपुरती नोंदवून ठेवतो. मी जन्माने शाकाहारी आहे. विचाराने सर्वाहारी. ज्याला शेजाऱ्याचं ताट परकं वाटतं त्याने जगाचं नागरिकत्व मागू नये, असं मंडळात मीच म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. घरी येऊन वरण-भात खाल्ला होता.

आता विचार आणि पोट यांतलं अंतर संपवायचं. सहा दिवस आहेत.

९ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.४५

एशियन दुकानातून बागोओंगची बाटली आणली. म्हणजे झिंग्यांचं खारवून आंबवलेलं वाटण. बहुतेक प्रांतांत लागतंच. सवयीचा तक्ता केला. दिवस पहिला : वास. दिवस दुसरा : जिभेचं टोक. दिवस तिसरा : पाव चमचा भातात. अशीच चढण ठेवली की रविवारी समोर येईल ते खाऊ शकेन.

बाल्कनीत जाऊन झाकण उघडलं. झाकण लावलं.

सेफ्टी इंजिनिअर म्हणून सांगतो, काही वायूंच्या बाबतीत पहिला धोका हाच असतो की माणूस धीटपणा दाखवायला जातो.

सासूबाई मालवणहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. मागून आल्या, बाटली घेतली, बोट बुडवून चाखलं. म्हणाल्या, अहो शशिकांतराव, ही आपली सुकटच की, जरा ओली आहे एवढंच. मग चपातीला लावून खाल्ली. म्हणाल्या, तुम्हाला देऊ का? म्हटलं, नको, माझा आज फक्त वासाचा दिवस आहे. त्या म्हणाल्या, बरं, मग मी इथेच बसून खाते.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.५०

जिन्यात टेसी भेटली. रविवारी जेवणाआधी तुम्ही दोन शब्द बोलाल का, म्हणाली. पाहुण्यांपैकी कुणीतरी बोलतं, पद्धत आहे. शॉर्ट, असंही म्हणाली.

मुख्य वक्ता.

विषय ठरला : 'अन्न, सीमा आणि माणूस'. जर्मनमध्ये. सुरुवातीला एक वाक्य त्यांच्या भाषेत.

जिभेच्या टोकाचा दिवस उद्यावर. आज आवाज जपायला हवा.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १, कॅन्टीन

भाषण सात पानं झालं. प्लांटवर मीटिंगमध्ये 'जोखीम मूल्यांकन' या शीर्षकाखाली पान पाच लिहिलं. बॉसला वाटलं मी नोट्स घेतोय. म्हणाला, गेनाऊ, असंच हवं.

सुनेत्राने सकाळी विचारलं, फॉर्मचं काय करायचं? म्हटलं, निकालाआधी न्यायाधीश बोलत नाही. ती बरं म्हणाली. फारच पटकन बरं म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात तिला माझा मुद्दा आता पटू लागलाय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

वरच्या मजल्यावरून आवाज. अवनी आणि टेसीचं भांडण. सुनेत्रा वर जाऊन आली. झालं असं : अवनीचा पदार्थ म्हणजे लाइंग. वाळवलेली अळूची पानं, नारळाचं दूध, मिरच्या, आणि झिंगे. टेसी म्हणते झिंग्यांशिवाय ते लाइंगच नाही, माझी आई मला ओळख देणार नाही. अवनी म्हणते, मोठं पातेलं तुझ्या आईच्या पद्धतीने करू, पण एक छोटं पातेलं बिनझिंग्यांचं करणारच. काल संध्याकाळपासून चार वेळा करून बघितलं. खारटपणा कुठून आणायचा यावर अडलंय. सुनेत्रा म्हणाली, ते छोटं तुझ्यासाठी आहे, कळतंय ना?

मला कळलं. हे न्यायाधीशाला दाखवलेलं आमिष आहे. तरी मोठ्या मनाने दुर्लक्ष करतो. शिवाय मूळ कृतीशी भांडणं हे शिस्तीत बसत नाही. लॅबमध्ये असं चालणार नाही, हा मुद्दा भाषणाच्या पान आठवर घेतला.

सासूबाई म्हणाल्या, अळूत चिंच नाही घालत? घसा खाजेल की. सुनेत्राकरवी वरून टेसीचं उत्तर आलं की नारळाचं दूध आटेपर्यंत ढवळायचं नाही, मग खाजत नाही. सासूबाईंनी ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, सत्तर वर्षं कुणी सांगितलं नाही मला.

१३ सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४

भाषण अकरा पानं. आरशासमोर २६ मिनिटं. एक्सेलमध्ये प्रवासाचा तक्ता : निघणे ७.३०, कॉफी ९.१०, पोचणे १०.४५, जेवण १२.००, भाषण ११.५५.

(सुनेत्राने हे बघून विचारलं, २६ मिनिटं पाच मिनिटांत कशी बसवणार? म्हटलं, ओघात.)

सासूबाईंनी विचारलं, वाटेत खायला दशम्या करू का? स्पष्ट नाही म्हणालो. सोबत डबा नेणं म्हणजे यजमानावर अविश्वास. आपला समाज परदेशात पन्नास वर्षं डबा घेऊन फिरतो आहे, म्हणून कुठेच पोचत नाही. हे बोलताना आवाज थोडा चढला. त्या म्हणाल्या, नको तर नको, मी आपलं पिठाचं विचारलं.

रविवारी नाश्ताही करायचा नाही. रिकाम्या पोटी न्याय चांगला होतो.

वजन ८७.९. प्रवासाच्या ताणाने.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.२५

सगळे तयार. फक्त माझी पानं सापडत नाहीत.

७.५५

सापडली. खिशातच होती.

९.४०, आउटोबानवर, गाडी उभी

रस्त्याचं काम. अकरा किलोमीटर रांग. मागे अवनी मांडीवर छोटं पातेलं धरून बसली आहे. मोठं पातेलं टेसीच्या गाडीतून गेलं. अवनी झाकण उघडून बघते, पुन्हा लावते. सगळ्या गाडीत नारळाचा वास. वेळ सत्कारणी लावावा म्हणून पान एक ते चार मोठ्याने वाचली. सासूबाई पान दोनवर झोपल्या. आवाजात आश्वासकता आहे, असं पूर्वीही लोकांनी सांगितलंय.

११.३०, ड्युसेलडॉर्फ

पोचलो. हॉल मोठा. दीडशे माणसं. खूप भूक.

रात्री ८.१५, घरी

क्रमाने लिहितो. रागावून नाही.

हॉलमध्ये एक लांबच लांब टेबल. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केळीची पानं अंथरलेली. ताट नाही, वाटी नाही, चमचा नाही, खुर्ची नाही. मधोमध भाताचा बांध आणि दोन्ही बाजूंना प्रांत. एकीकडे कारलं-भेंडी-वांग्याची भाजी, तिच्यात ते बागोओंग. एकीकडे भाजलेली कोंबडी. एकीकडे डुकराच्या मांसाचं काहीतरी तव्यावर तडतडलेलं. मग बिकोल, मिरच्यांसकट. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि हाताने जेवायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केळीचं पान, उजवा हात, एक पंगत. साडेसात हजार बेटं पार करून आमची पंगत इथं उभी होती. हे तिथल्या तिथे सुचलं, पान एकमध्ये टाकायचं ठरवलं.

माझ्यासमोर पानावर एक छोटा हिरवा ढीग होता. वर एक लाल मिरची उभी खोचलेली. अवनीने बोट दाखवून सांगितलं, हे तुझं, झिंग्याशिवाय. मी मान डोलावली. मनात पहिलं वाक्य घोळत होतं. ती आणखी काही म्हणाली, ते ऐकायचं राहिलं.

टेसीच्या ऐंशी वर्षांच्या मावशी, सगळे त्यांना लोला म्हणतात, त्यांनी प्रार्थना केली. मग टेसीने मला खूण केली.

आता पद्धत काय आहे? पंगत वाढून झाली तरी कुणाला तरी बोलायचं असेल तर लोक थांबतात. श्लोक होतो, पाहुण्यांचं स्वागत होतं, कुणाचा सत्कार असला तर तोही होतो. भात निवला तरी हात पानावर जात नाही. मी आयुष्यभर अशा पंगतींत बोललो आहे. त्यामुळे मी निर्धास्त होतो. त्यांच्या भाषेतलं वाक्य म्हटलं. टाळ्या. मग माझ्या सवयीप्रमाणे डोळे मिटले, उजवा हात उंच केला आणि म्हणालो, मित्रहो, मिरचीला पासपोर्ट नव्हता.

तो वर केलेला हात त्यांना सुरुवातीची खूण वाटली असावी.

पुढची एकोणीस मिनिटं हॉलमध्ये जी शांतता होती, तशी मला कुठल्याही सभेत मिळाली नव्हती. दीडशे माणसांत एक शब्द नाही. मनिलाचं जहाज निघालं, शांतता. चांदी आली, शांतता. मला वाटलं, इतिहास यांच्या आत उतरतोय. उतरत होतं, पण दुसरंच काही. पान नऊच्या शेवटी डोळे उघडले तेव्हा समोर केळीचं पान होतं. नुसतं पान. हिरवं, चकचकीत, कडेला चार शितं. माझ्या समोरच्या ढिगाच्या जागी एक लाल मिरची आडवी पडली होती. शेजारचा एक गृहस्थ बोटं चाटत होता. म्हणाला, सुंदर. मी म्हणालो, धन्यवाद. तो म्हणाला, नाही, ती पालेभाजी.

सासूबाईंकडे बघितलं. कोंबडीची तंगडी हातात, डाव्या बाजूला लोला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. लोला त्यांच्या पुढ्यात भात सरकवत होत्या, त्या लोलांच्या पुढ्यात वांगं. मला बघून म्हणाल्या, शशिकांतराव, तुमचं झालं का? मी म्हणालो, बोलून झालं. त्या म्हणाल्या, बसा मग. बसायला खुर्ची नव्हती.

इथपर्यंत ठीक होतं. वक्त्याला उपास घडतो. पुढचं लिहायला हवं, कारण ते नीट समजलं पाहिजे.

टेबल आवरताना योर्ग ते छोटं पातेलं घेऊन आला. तळाशी दोन घास उरले होते. अवनीचं, बिनझिंग्यांचं. योर्गने पळी माझ्यापुढे धरली. हवंय का? मागे अवनी हातात फडकं घेऊन उभी होती. तिच्या हातावर मिरचीने लाल चट्टे उठले होते. मी म्हणालो, नाइन, नाइन, राहू द्या.

हे नाही नव्हतं. आपल्याकडे पहिल्यांदा वाढायला आलेल्याला कुणी हो म्हणतं का? पहिल्यांदा हात पानावर आडवा धरायचा. दुसऱ्यांदा म्हणायचं, फार झालं. तिसऱ्यांदा वाढणारा ऐकत नाही, मग आपण घ्यायचं. एवढं प्राथमिक आहे. मी दुसऱ्या नाहीची तयारीसुद्धा केली होती. योर्ग म्हणाला, गूट. आणि पळी स्वतःच्या तोंडात घातली. दोन घासांत पातेलं संपलं. म्हणाला, जेअर लेकर, फारच चविष्ट.

एकोणीस वर्षं या देशात राहतो. इथे एकदाच विचारतात.

अवनीने फडकं खांद्यावर टाकलं. पातेलं घेतलं आणि धुवायला गेली.

मी कलिंगडाची एक फोड खाल्ली.

परतीची गाडी हमरस्त्याला लागली. आल्झो, म्हणजे तर मग, असं म्हणून मी सुरुवात केली आणि पंगतीतला आग्रह आणि त्यामागचं मानसशास्त्र समजावून सांगितलं. म्हणजे माझ्या नाइनचा अर्थ. सुनेत्रा म्हणाली, शशी, रस्त्याकडे बघ. सर्व्हिस एरियावर एक ब्रेत्सेल, म्हणजे इथला खारा पाव, घेतला. एकट्यानेच खाल्ला. बाकीच्यांचं पोट भरलेलं होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.३०

शांतपणे विचार केल्यावर : दोष पद्धतीतला आहे. वक्त्याला आधी वाढून ठेवायला हवं. टेसीला पुढच्या वर्षासाठी लेखी सूचना द्यावी.

संध्याकाळी ७

अवनी शाळेतून आली, सरळ खोलीत गेली. दारावर टकटक केली. म्हटलं, तुझं लाइंग उत्तम होतं असं सगळे म्हणत होते. आतून आवाज आला, जा. जर्मन जा, म्हणजे हो. मराठी असेल असं मी मानत नाही.

वर टेसीकडे गेलो. लाइंग शिल्लक आहे का विचारलं. ती म्हणाली, एक पानसुद्धा नाही, पण तुमच्या मुलीला फार नावाजलं, लोलांनी दोनदा घेतलं. तुम्हाला आवडलं ना? मी म्हणालो, फारच. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. नर्स लोक पेशंटकडे बघतात तसं.

रात्री ८.३०

निर्णय झाला. सही करणार.

निकाल पदार्थावर नाही, तत्त्वावर देतो आहे. ज्या मुलीने एकाच पदार्थाची चार वेळा चाचणी घेतली, ती मुळात प्रयोगशाळेतलीच आहे. हा मुद्दा पूर्वी कुणाच्या लक्षात आला नव्हता. उद्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सांगायचं. छोटं भाषण, दीड पान. शेवटचं वाक्य : जा, बाळा, त्या चुलीपाशी जा. तिथे पेन उघडायचं. सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी येईल. सासूबाईंच्याही. टिश्यूचा डबा टेबलावर ठेवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.४०

सगळे टेबलावर होते. उभा राहिलो. म्हटलं, फॉर्म आणा.

अवनी पावावर चीज ठेवत होती. म्हणाली, तो कधीच दिला.

गेल्या गुरुवारी. सुनेत्राची सही. एका पालकाची पुरते, फॉर्मवर तसं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे म्हणे. सेफ्टी इंजिनिअरने बारीक अक्षरं वाचायला हवी होती, असं सासूबाई म्हणाल्या. सुनेत्रा म्हणाली, तुझा निकाल येईपर्यंत तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली असती.

गुरुवारी. म्हणजे मेळाव्याच्या तीन दिवस आधी. भांडणाच्या आधी. चार वेळा करून बघितलं त्याच्याही आधी.

विचारलं, मग मला एवढ्या लांब ड्युसेलडॉर्फला कशाला नेलं?

अवनीने सुरी ठेवली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तू जेवावंस म्हणून.

मराठीत म्हणाली.

मग दप्तर उचललं आणि शाळेत गेली. सुनेत्रा आंघोळीला गेली. सासूबाई माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवून निघून गेल्या. दीड पान हातात होतं. मी उभाच होतो. कुणी ऐकायला नव्हतं. कागद घडी घालून खिशात ठेवला.

पोहे गार झाले. खाल्ले.